हात आपटला की सोडायचं

धाकटीला ज्युडोच्या क्लासचं वेड लागलं तेव्हा मी म्हटलं होतं, "दिवसभर कात्री चालवून हात दुखत नाहीत का तुझे?" आमचं दोघी बहिणींचं पार्लर. केस धुणं, रंगवणं माझ्याकडे, कापणं तिच्याकडे. गोड बोलणंही तिच्याकडेच, कारण माझ्या जिभेला हाड नाही हे गिऱ्हाइकं जाणून आहेत.

क्लास वाईट नव्हता, उगीच कशाला खोटं बोलू? एरवी सगळं शिस्तीत चालायचं. जोडीदाराने आधी विचारायचं, "किती जोर?" समोरचा "निम्मा" म्हणाला तर निम्माच लावायचा. पकड सहन होईना तर मॅटवर दोनदा हात आपटायचा. हात आपटला की त्याच क्षणी सोडायचं. धाकटीचा जोडीदार एक गॅरेजवाला होता, दारातून आडवा होऊन यावं लागेल असा. सगळे त्याला हत्ती म्हणत. धाकटी सांगायची, "दिसतो तसा नाही गं ताई. अंडं धरावं तसा धरतो."

पण नवा पट्टा मिळाला की 'रांग' असायची. पट्टा मिळालेल्याने मधोमध उभं राहायचं आणि क्लासमधल्या प्रत्येकाशी एकामागून एक लढायचं, दम न खाता. त्या दिवशी "किती जोर?" विचारायचं नाही. सर म्हणायचे, "वर्षभर जपून खेळता. एक दिवस तरी कळू दे आपण किती पाण्यात आहोत." आणि बाकीच्यांनी कडेला बसून, हुरूप यावा म्हणून, दोन्ही हातांनी मॅट बडवायची.

मॅट बडवायची! त्या गदारोळात पकडीतल्या माणसाचा हात कोणाला ऐकू येणार, हे एवढ्या शिकल्यासवरलेल्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

धाकटीची रांग रविवारी सकाळी होती. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते. शेवटी हत्ती आला तेव्हा तिचे पाय लटपटत होते. त्याने तिला खाली घेतलं, तिचा उजवा हात दोन्ही पायांत धरून ताणला आणि मान मागे टाकली. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. मला दिसत होता. तिने डावा हात दोनदा आपटला. मग पुन्हा आपटला. सगळा हॉल दणाणत होता.

"सोड! अरे सोड तिला!" मी ओरडले.

शेजारचा माणूस माझ्याकडे बघून खुशीत म्हणाला, "ओरडा ताई, ओरडा!"

कोपर मोडल्याचा आवाज मला आला नाही. तिचं तोंड उघडलेलं दिसलं, एवढंच.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. आमचं गेलंच नाही. कात्री धरायला बोटं पुरतात, पण हात गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत जायला हवा ना. ती रोज भिंतीला बोटं लावून हात वर सरकवायची आणि जिथे थांबेल तिथे मी पेन्सिलने रेघ ओढायची. रेघा कमरेच्या जराशा वर येऊन अडकल्या. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहील. हल्ली ती डाव्या हाताने केस धुते आणि मी कापते. कसे कापते ते कमी होत चाललेली गिऱ्हाइकं सांगतील.

हत्ती येऊन पार्लरच्या पायरीवर बसून रडला. "ताई, मला खरंच ऐकू आलं नाही." त्याने क्लास सोडला. त्याला शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या.

सर मात्र ताठ मानेने आले. "खरं म्हणजे तिने हात त्याच्या अंगावर आपटायला हवा होता," म्हणाले. मॅटवर आपटायला यांनीच शिकवलं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर म्हणतात कसे, "रविवारी एका मुलीची रांग आहे. सुरुवात हिच्या हातून व्हावी अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"आणि मॅट बडवणं?"

"ती परंपरा आहे हो ताई. पण आता दोनदाऐवजी तीनदा हात आपटायचा, असा नियम केलाय."

मी तोंड उघडणार, तोच धाकटी म्हणाली, "मी येईन सर."

ते गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"तिथे मला कोणी बिचारी म्हणत नाही ताई," ती बेसिन पुसत म्हणाली. "इथे तू रोज म्हणतेस. तोंडाने नाही, आरशातून बघतेस तेव्हा."

मी आरशाकडे पाठ केली. पण मनात आशा होती. वाटलं, ही तिथे उभी राहून सगळ्यांना खडसावेल, ही रांगच बंद पाडेल. म्हणून मीही गेले.

नवी मुलगी मधोमध उभी होती, जेमतेम विशीची. धाकटी कडेला बसली, उजवा हात मांडीवर ठेवून. हॉल शांत झाला. बोल, मी मनात म्हणत होते, बोल गं बाई.

तिने डावा हात उचलला आणि मॅटवर आपटला. मग पुन्हा, जोरात. तिचा चेहरा पहिल्यासारखा फुलला होता. सगळा हॉल तिच्यामागून बडवायला लागला.

मधे ती मुलगी खाली गेली. तिचा हात हलला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हलला की नाही ते दिसलं नाही. मी खुर्ची ढकलून उठले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "सोडा तिला!"

धाकटीने वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "ओरड ताई, ओरड!"