ओल्या बर्फाचं मेण

"यंदा रोंडानेच्या डोंगरात जायचं. बास! एक शब्द बोलू नकोस," म्हणत हालवारनं बस डेपोच्या कँटीनमध्ये नकाशा पसरला आणि त्यावर कॉफीचा मग आपटला.

टोरमोड आपला पावावरचं तपकिरी चीज चघळत बसला. दोघेही बस चालवायचे आणि ईस्टरच्या सुट्टीत दोघं मिळून स्कीवर जायचे. कुठं जायचं यावर जानेवारीपासून भांडायचे आणि दरवर्षी पोचायचे मात्र हार्डांगर पठारावरच्या स्कार्वबू लॉजवरच.

"जा की रोंडानेला," टोरमोड म्हणाला. "पण तिकडं बर्फ ओला झालाय म्हणे. चिकट मेण लावावं लागणार."

हालवारचं तोंड वाकडं झालं. ओल्या बर्फात स्कीच्या तळाला लावायचं ते ट्यूबमधलं मेण म्हणजे नुसती काकवी. बोटाला लागलं की दाढीपर्यंत पोचतं.

"कोण म्हणालं?"

"माझा मेहुणा."

"तो तर स्पेनमध्ये राहतो!"

"म्हणून तर. लांबून नीट दिसतं."

हालवार खो खो हसला. "सरळ सांग ना लेका, आस्लाउगच्या हातची लापशी खायचीय."

लॉज आस्लाउग सांभाळायची. घोगरा आवाज, मोठं हसू. तिच्यापायी टोरमोडनं एक युक्ती काढली होती. बर्फ ओला असला की मुद्दाम कडाक्याच्या थंडीचं निळं मेण लावायचं. मग स्की नुसती मागं घसरते, चढ काही चढत नाही. "आज निघणं होत नाही बुवा," म्हणत तो एक मुक्काम वाढवायचा आणि तिची लाकडं फोडत बसायचा.

"नॉर्वेत जन्मलास आणि मेण लावता येत नाही? लाज वाटू दे!" ती म्हणायची. हा खाली मान घालून लापशी खायचा. जे विचारायचं असायचं, ते तसंच परत घरी यायचं. यंदा मात्र विचारायचंच म्हणून गड्यानं नवा स्वेटर घेतला होता.

वाट दाखवायला बर्फात खोचलेल्या बर्च झाडाच्या काटक्यांच्या खुणेनं दोघं ईस्टरच्या सुट्टीत एका संध्याकाळी स्कार्वबूलाच पोचले. दारात दुसरीच बाई.

"आस्लाउग? तिचे गुडघे गेले हो. लेकीकडं गेली, पार उत्तरेला ट्रॉम्सोला. कायमचीच."

हालवार बुटाच्या सुटलेल्या नाड्या पुन्हा सोडत बसला.

"तुम्हा दोघा बसवाल्यांतला तो कोण? दरवर्षी चुकीचं मेण लावणारा?" बाईनं फळीवरून चिकट मेणाची ट्यूब काढली आणि टोरमोडच्या हातात ठेवली. "हे तुमच्यासाठी ठेवून गेलीय. म्हणाली, मेण त्याला चांगलं लावता येतं. बोलताच येत नाही."

सकाळी बर्फ ओलाच होता. हालवार स्की घेऊन लॉजच्या उन्हाकडच्या भिंतीशी उभा राहिला.

"लाव की ते. निघू."

ते मेण गार असलं की ट्यूबमधून निघत नाही, आधी ऊब द्यावी लागते. टोरमोडनं ट्यूब नव्या स्वेटरच्या आत, छातीशी धरली होती.

"झालं का रे गरम?"

"थांब थोडं."

ऊन भिंतीवरून बाकावर उतरलं. हालवारनं स्की खाली ठेवल्या, शेजारी बसून संत्रं सोललं आणि अर्धं त्याच्या हातात दिलं.