कांजिण्या नेमक्या कुणाला

शिवणबाईंच्या पाठीत डाव्या बाजूस चार दिवसांपासून जी आग होत होती, तिचा दोष त्यांनी प्रथम शिलाईयंत्राला दिला, मग खुर्चीला, आणि अखेरीस स्वतःच्या वयाला. चाळीस वर्षे वाकून बसलेल्या पाठीने एखाद्या दिवशी कुरकूर केली तर नवल ते काय, असे म्हणून त्या निमूटपणे टाके घालीत राहिल्या. त्यांच्या थोरल्या मुलीला मात्र ते पाहवेना. तिचे दिवस भरत आले होते; बाळंतपणाला जेमतेम दोन आठवडे उरले म्हणून ती आईकडे राहायला आली होती. तिने आईला पालथे निजवले, तेलाची वाटी घेतली आणि पाठ चोळू लागली. चोळता चोळता तिच्या बोटांखाली काहीतरी फुटले आणि ओलसर लागले.

"आई, अगं, फोड आहेत हे! पाण्यानं भरलेले. आणि बघ तर, मापून टाके घातल्यासारखे एका ओळीत."

"उष्णतेचे असतील."

"उष्णता एकाच बाजूला? तुझी उष्णतासुद्धा शिस्तीची दिसते."

त्याच दुपारी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी पाठ पाहिली आणि एका शब्दात निदान केले: नागीण. पण त्यानंतर त्यांची दृष्टी रोग्याकडून निघून रोग्याच्या मुलीच्या पोटावर जाऊन स्थिरावली, आणि त्यांचा स्वर बदलला.

"या फोडांना हात कुणी लावला?"

"मीच," थोरली म्हणाली. "आज सकाळी. तेल लावत होते."

शिवणबाईंच्या मनात मात्र वेगळाच विचार घोळत होता. मागच्या आठवड्यात परकर शिवायला टाकून गेलेली ती खोकणारी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. "मला हे कुणाकडून लागलं, ते आधी सांगा."

"कुणाकडूनच नाही, काकू. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना तुम्हाला? हा तोच विषाणू. साठ वर्षं तुमच्याच कण्यापाशी, मज्जातंतूच्या मुळाशी निजून होता."

"पण मी तर बरी झाले होते!"

"तुम्ही झालातच बऱ्या. तो मेला नव्हता, एवढंच."

शिवणबाई गोंधळल्या. रोग जातो किंवा माणूस जातो, एवढे दोनच प्रकार त्यांना आजवर ठाऊक होते. रोगही राहावा आणि माणूसही राहावे, आणि दोघांनी एकमेकांना साठ वर्षे ओळख देऊ नये, हा तिसरा प्रकार त्यांच्या बुद्धीत शिरेना. डॉक्टरीणबाईंनी हातातले काम बाजूला ठेवून त्यांना समजावले. विषाणूला ना भूक ना श्वास. एकटा असला तर तो धुळीच्या कणाहून फारसा जिवंत नसतो. पण त्याच्या अंगावर असे काही आकार असतात, की ते पेशीच्या दारात नेमके बसतात. आपलेच कुणी आले असे समजून पेशी दार उघडते. आत येताच तो आपल्याजवळचा लेख पुढे करतो, आणि पेशीतली यंत्रणा तो लेख मुकाट्याने वाचून त्यासारखेच शेकडो विषाणू घडवू लागते.

"म्हणजे कटिंग त्याचं आणि मशीन माझं?"

"कापडही तुमचंच. आणि शिवून झालं की बहुतेक वेळा दुकानही मोडतं."

पुढचे त्यांनी आदराने ऐकले, कारण शरीर नावाच्या या नगरीची व्यवस्था ऐकताना कुणाचेही हात जोडले जावेत अशीच ती होती. बाधित पेशी मरता मरता शेजारच्या पेशींना इशारा देते. त्या आपली दारे घट्ट करतात. प्रथम जे रक्षक धावून येतात, ते दिसेल त्या परक्यावर तुटून पडतात. आठवड्याभरात दुसरे येतात, ते या एकाच शत्रूला ओळखणारे. त्यांतले काही बाधित पेशींनाच संपवतात, आणि काही प्रतिपिंडे बनवतात. ती विषाणूला असा वेढा घालतात, की त्याला कुठल्याच दारात शिरता येऊ नये. युद्ध संपल्यावर बहुतेक योद्धे मरतात. थोडे मात्र जन्मभर जागे राहतात, केवळ आठवण ठेवण्यासाठी.

"मग त्या आठवणवाल्यांना घरातच निजलेला हा दिसला कसा नाही?"

"तिथे तो काहीच करत नाही हो. काही घडवत नाही, आवाज नाही, खूण नाही. डोकं वर काढलं की ते त्याला दाबतात. वय झालं की पहारा ढिला पडतो."

आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, पण इथे राखणारे डोळस असूनही चोर घरचाच निघाला, असे काहीतरी शिवणबाईंच्या मनात आले, आणि त्या अधिकच गोंधळल्या.

"ते राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता मुलीचं बोलू. हिला कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या असतील तर हिच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत, हिलाही भय नाही आणि बाळालाही नाही. नसतील झाल्या, तर आजच्या त्या हातानं हिला दोन-तीन आठवड्यांत कांजिण्या येऊ शकतात, म्हणजे ऐन बाळंतपणात. नवजात बाळाच्या ते जिवावर बेतू शकतं. तुमची खात्री असेल तर ती मला पुरे आहे. नसेल तर रक्त तपासू."

"खात्री?" शिवणबाई जवळजवळ दुखावल्या. "दहा दिवस मी हिच्या उशाशी बसून होते."

"मलाही आठवतं," थोरली म्हणाली. "ओल्या फडक्यानं अंग पुसायची तू. खाजवू नये म्हणून माझे दोन्ही हात हातात धरून ठेवायचीस."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिले: पूर्वी होऊन गेल्या आहेत. फोडांवर खपल्या धरेपर्यंत पाठ झाकून ठेवा आणि मायलेकींनी निराळ्या खोल्यांत राहा, एवढे सांगून त्यांनी दोघींना निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा फोन आला. थोरली आणि धाकटी या जुळ्या. दोघींच्या जन्मात सात मिनिटांचे अंतर, आणि त्या सात मिनिटांच्या बळावर थोरली गेली एकतीस वर्षे मोठेपणा गाजवीत आलेली.

"आई, ताई म्हणते तिला कांजिण्या झाल्या होत्या. काय बोलतेय ती? त्या मला झाल्या होत्या. माझ्या भुवईवरचा खड्डा कशाचा मग?"

"तो तू पायरीवर पडलीस त्याचा."

"पायरीवर ताई पडली होती! तिला खड्डा हनुवटीवर आहे."

"अगं, पण ते दहा दिवस..."

"तू माझे हात धरून बसायचीस. मला चांगलं आठवतंय."

फोन ठेवल्यावर शिवणबाई यंत्रासमोर जाऊन बसल्या, पण सुईत दोरा ओवला जाईना. दोन्ही मुलींना एकच गोष्ट आठवत होती, शब्दाला शब्द, आणि ती गोष्ट त्यांना सांगितली होती शिवणबाईंनीच. एकदा नव्हे, शेकडो वेळा, दोघींना एकत्र पुढ्यात घेऊन. तेव्हा मुलींची आठवण ती मुलींची नव्हे. खरी आठवण एकट्या त्यांची. आणि त्यांच्या आठवणीत एक पुरावा होता.

मुली लहान असताना त्या एकाच कापडातून दोघींचे सारखे झगे बेतीत. त्यात कापड वाचे आणि भांडण टळे. ओळख पटावी म्हणून गळ्याच्या आतल्या बाजूस थोरलीच्या झग्याला लाल दोऱ्याचा एक टाका घालीत, धाकटीच्या झग्याला निळ्या दोऱ्याचा. मुलींचे वडील तर हाक मारण्यापूर्वी पोरीची कॉलर उलटून पाहत. शेजारी त्यांना हसत. कांजिण्यांनी त्या तीन वर्षांच्या मुलीचे तोंड असे सुजले होते, की आईलाही ते ओळखू येत नव्हते. त्या सुजलेल्या तोंडाखाली, गळ्यापाशी, लाल टाका त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. तो आजही दिसत होता.

पण तो कितव्या दिवशी पाहिला?

पहिल्या दिवशी त्यांची थोरली बहीण येऊन निरोगी मुलीला आपल्या घरी घेऊन गेली होती, घाईघाईत दोन झगे पिशवीत कोंबून. आजारी मुलीचे कपडे दिवसातून चार वेळा बदलायचे आणि उकळत्या पाण्यात टाकायचे. दुसऱ्या दिवशी कपडे पुरेनात. तेव्हा कपाटात जे उरले होते ते त्यांनी चढवले. कपाटात दोघींचेही होते.

त्यांनी बहिणीला फोन लावला. बहीण आता ऐंशीची, कानाने कमी आणि जिभेने तिखट.

"ताई, पोरींच्या कांजिण्यांच्या वेळी तू नेलीस, ती कोणती गं?"

"एकच नेली. दोन्ही नेल्या असत्या तर माझ्याच घरी कांजिण्या आल्या असत्या."

"ते नाही. थोरली की धाकटी?"

"मला काय माहीत! हाक मारली की ओ देत होती. कुठल्याही नावाला. तू आई, तुला नाही ठाऊक, आणि मला विचारतेस होय? टाके कशाला घालायचीस मग?"

शिवणबाईंनी फोन खाली ठेवला. 'नाही ठाऊक' हे शब्द उच्चारणे किती कठीण असते, ते ज्याने मातृत्वाचा अभिमान वाहिला आहे त्यालाच कळेल. त्यांना वाटले, गप्प राहावे. कागदावर लिहिले गेले आहे. थोरली निश्चिंत आहे. निम्मी शक्यता तर आपल्या बाजूची आहेच. मग त्यांना पेशीचे ते दार आठवले, आपलेच कुणी आले असे समजून उघडलेले.

थोरलीच्या खोलीबाहेर उभ्या राहून, दार न उघडता त्या म्हणाल्या, "ऊठ बाळ. रक्त द्यायला जायचंय."

"कशाला? तू सांगितलंस ना काल."

"काल सांगितलं. मला ठाऊक नाही."

"म्हणजे काय, ठाऊक नाही? आई, तू माझ्या उशाशी बसली होतीस."

"मी एका मुलीच्या उशाशी बसले होते. ती कोणती, ते मला सांगता येत नाही."

"मला सांगता येतं!"

"तुलाही येत नाही, बाळ. ते मीच तुला सांगितलेलं आहे."

डॉक्टरीणबाईंनी रागावल्याविना कालच्या कागदावर रेघ मारली. रक्त तपासणीला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले: थोरलीच्या रक्तात कांजिण्यांची प्रतिपिंडे नाहीत. हट्टाने धाकटीनेही आपल्या गावी रक्त तपासून घेतले होते. तिच्या रक्तात ती भरपूर होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काय घडले, ते जन्मदात्रीला सांगता आले नाही. रक्ताच्या चार थेंबांनी ते सांगितले.

"पुरळ उठेपर्यंत एका घरात राहून ही सुटली कशी, तेच नवल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वेळेत आलात. ज्यांना हा रोग होऊन गेला, त्यांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं हिला टोचू. हिचं शरीर ती स्वतः बनवणार नाही, ती आठवणही धरणार नाहीत. काही आठवडे पहारा देतील आणि विरून जातील. तेवढे दिवस निघाले की पुरे."

त्या परक्या रक्षकांनी आपले काम केले. बाराव्या दिवशी थोरलीला मुलगी झाली. महिनाभर घरातले प्रत्येक माणूस मायलेकींच्या अंगावर पुरळ शोधीत राहिले. डासाच्या एका चाव्याने दोनदा डॉक्टरीणबाईंना फोन गेला. कांजिण्या आल्या नाहीत.

शिवणबाईंच्या पाठीवरच्या खपल्या गळून पडल्या, त्यानंतर त्यांना नातीला हात लावण्याची मुभा मिळाली. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. बाळ त्यांच्या मांडीवर होते. थोरली त्यांच्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात राग नव्हता, पण काहीतरी हरवल्याचा शोध होता.

"आई, ते सगळं धाकटीचं निघालं."

"हो."

"पण मला तुझा हात आठवतो. ओला, थंड. मनगटाशी सुई टोचल्याची खूण असलेला. ते तू सांगितलेलं नाहीस. खुणेचं कधीच सांगितलं नव्हतंस."

शिवणबाईंनी आपले मनगट उलटे केले. त्या वर्षी तिथे खूण होती खरी. पुढे ती पुसली गेली होती. मुलीने ती पाहिली असेल, तर जवळून पाहिली असणार. कधी? मावशीकडून परत आल्यावर? की आधी एखाद्या साध्या तापात, ज्याची गोष्ट कुणी कधी रचलीच नाही?

"मग तो हात कशाचा होता, आई?"

शिवणबाईंच्या ओठांवर उत्तर तयार झाले होते, चांगले बेतलेले, दोन्ही बाजूंनी जुळणारे. त्यांनी ते गिळले.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि मांडीवरच्या बाळाचे डोके सावरून त्यांनी मोकळा हात मुलीच्या कपाळावर ठेवला. "असाच होता का?"

थोरलीने डोळे मिटले.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "राहू दे जरा."