बोराटीआड नऊ दिवस

सकाळचा उजेड आमच्या अंगणात एकदम येत नाही. आधी तो गोठ्याच्या तुराट्यांच्या कुडावर येतो आणि तिथे बराच वेळ थांबतो. आत जावे की नाही, हे जणू त्याचे ठरलेले नसते. मग फटींतून त्याचे बारीक तुकडे आत पडतात. एक गव्हाणीच्या काठावर, एक ओल्या शेणावर, एक बैलाच्या पाठीवर. बैल हलला की तो तुकडा कातडीवरून घसरतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. त्यानंतर उजेड जमिनीवर उतरतो. भाद्रपदातली काळी माती रात्रीच्या सरीने भिजलेली असते. तिच्यावरचा प्रकाश पिवळा दिसत नाही, पाण्यात विरघळलेल्या गुळासारखा दिसतो. रांजणापर्यंत यायला त्याला आणखी वेळ लागतो. रांजणाच्या ओल्या पोटावरून तो हळूहळू वर चढतो, काठाशी क्षणभर चमकतो, आणि मग, सगळ्यांत शेवटी, ओट्याच्या खालच्या पायरीवर येतो.

त्या सकाळी त्या पायरीवर वच्छलावहिनी बसली होती. उजेड येण्याच्या आधीपासून ती तिथे बसली होती, आणि तो पायांवर आला तेव्हा तिने लुगड्याचा पदर अंगाभोवती आवळून पाय आणखी पुढे केले. भाद्रपदात कोणी ऊन शेकत नाही. मी ते पाहिले आणि मनाशी म्हणालो की थकली आहे. नवरा जाऊन सात दिवस झाले, थकणारच.

मी गोवर्धन, अमरावतीच्या दवाखान्यात लेखनिक. बार्शीटाकळीजवळचे हे गाव माझेच. पोळ्यानंतर गावात तापाची साथ उठली. माणसांच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊन ती दगावू लागली. तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून विचारले, की तुझ्या गावचे लोक तुझ्याशी बोलतील का. मी होय म्हणालो. खरे म्हणजे माझ्याशी कोणी फारसे बोलत नाही, मीही कोणाशी बोलत नाही. पण माझा थोरला भाऊ जानराव आजारी असल्याचा निरोप त्याच सकाळी आला होता. रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, ते शोधून लिहून आणायचे, एवढे माझे काम. साहेबांचे मत, आळीतील हवा दूषित असावी.

मी आत शिरलो आणि मागून आळीची दोन्ही तोंडे बोराटीच्या फांद्या रचून बंद झाली. ज्या दिवशी शेवटचा नवा ताप येऊन नऊ दिवस होतील, त्या दिवशी काटे निघतील, असा हुकूम होता. आत सात घरे, चोवीस माणसे. पीठमीठ बाहेरचे लोक काट्यांपाशी ठेवून जात. माझा रोजचा कागद चिरलेल्या काठीच्या टोकात अडकवून मी बाहेर देई, आणि पहाऱ्यावरचा शिपाई किसनराव तो धुरावर धरून मगच हातात घेई.

मी घरोघर फिरून विचारले. कोण आधी पडले, काय खाल्ले, पाणी कुठले. चौथ्या घरी शेजारच्या गोदाबाई भेटल्या, सत्तरीच्या, एका बैलजोडीच्या मालकीण. त्यांच्या घरात सालदार धरून पाच माणसे, आणि तापाचा एकही माणूस नाही.

"तुमी पोळ्याले बैलायची खांद कशी शेकली?" मी विचारले. दुसरे काही सुचेना म्हणून विचारले.

"जशी सारे शेकतात तशी. लोणी-हळद लावली, पळसाच्या पानानं शेकलं, आवतन देल्लं. अमरावतीले जाऊन इसरला का रे हे?"

"आणि गोचिड्या?"

"त्या इस्तवात टाकल्या. माह्या नखात जोर हाय का आता फोडाले?"

त्या उत्तराने मी अंगणातच उभा राहिलो. आमच्या आळीत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, उद्याच्या जेवणाचे आवतन देण्याआधी, बैलाच्या अंगावरची एकूण एक गोचीड वेचतात. पाहुण्याच्या अंगावर रक्त पिणारा जीव राहू नये, म्हणून. आणि ती जमिनीवर टाकत नाहीत. अंगठ्याच्या नखावर फोडतात. पुरुषांमध्ये तर कोणी किती फोडल्या यावर थट्टा चालते. मीही लहानपणी फोडल्या आहेत. पण यंदाचे बैल निराळे होते. कापसाला कधी नव्हे असा भाव आल्यापासून माल नेणाऱ्या गाड्या पश्चिमेकडून रांगेने येत, आणि हंगाम सरताना गाडीवाले थकलेले बैल इकडेच विकून जात. गोदाबाई धरून आळीतल्या सहा घरांनी तसले बैल घेतले होते. बैलांना काहीही झाले नव्हते. ते स्वस्थ रवंथ करीत होते.

मी पुन्हा सगळी घरे फिरलो. अकरा जण आजारी पडले होते. अकराही जणांनी त्या संध्याकाळी नखाने गोचिड्या फोडल्या होत्या.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा बाबा, म्हणजे नत्थुजी, दादाच्या खाटेशी बसले होते. ते म्हणाले, "आमचे आजे-पणजे गोचिड्या फोडत आले. कोणाले काही झालं नाई. तुया सायबाले सांग, वऱ्हाडातली गोचीड माणसाले मारत नाई."

"ही वऱ्हाडातली नाही, बाबा."

"मंग तिले इचारून पाय, कुठली होय ते," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून दादाच्या ओठांवरचे रक्त पुसू लागले.

मला या ठिकाणी खरे लिहिले पाहिजे. भाऊ मरत होता, आणि मी आनंदात होतो. वहीच्या पानावर अकरा नावे एका ओळीत उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जगातली एक गोष्ट मला कोणाच्याही आधी कळली होती. मी ती वही उशाशी घेऊन निजत असे.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा भाऊ अंजनगाव सुर्जीहून बैलांची हलकी दमणी घेऊन काट्यांपाशी आला. तिची तीन वर्षांची मुलगी शालू पोळ्याच्या आधीपासून आजोळीच होती. जी बाई धडधाकट असेल आणि त्याच दिवशी निघेल, तिला जाऊ द्यावे, अशी सवलत तेवढ्यापुरती होती. वहिनी ओट्यावर आली आणि मला म्हणाली, "भाऊजी, तुमी लिहून राहिले, तुमाले ठाव असंल. मी राहू का जाऊ? यायले सोडून माहा पाय निंघत नाई. पण पोरगी हाय माही."

गोदाबाई कुडापलीकडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "जाय वं माय. रगताचे कपडे धुऊन राहिली तू, ते काई बरं नाई."

मी वही उघडली. खांद शेकण्याच्या संध्याकाळी वहिनी विटाळामुळे बाजूला बसलेली होती. तिने बैलांना तर नाहीच, गोठ्याच्या दारालाही हात लावला नव्हता. "वयनी, तुले भय नाही," मी म्हणालो. "ज्यांनी गोचीड फोडली त्यांनाच ताप आला. तू हात लावला नाहीस. दादाचं सारं कर, तुले काही होत नाही."

तिने माझ्याकडे असे पाहिले, की जन्मात कोणी माझ्या शब्दावर इतका विश्वास टाकला नव्हता. दमणी रिकामी परत गेली.

दोन दिवसांनी दादा गेला. शिपायांच्या पहाऱ्यात, आमच्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, आम्ही त्याला अग्नी दिला आणि परत काट्यांच्या आत आलो. शेवटपर्यंत वहिनीने त्याचे तोंड पुसले होते, पदराने, हाताने, जे सापडेल त्याने. मी ते रोज पाहत होतो आणि वहीत रोज लिहीत होतो: नवा ताप नाही.

मग ती नवव्या दिवसाची सकाळ.

उजेड पायरीवरून वर सरकला तरी वहिनी उठली नाही. आदल्या दिवशी दळताना ती दोनदा जात्याचा खुंटा सोडून भिंतीला टेकली होती. त्याच्याही आदल्या दिवशी तिने भाकरी अर्धी ठेवली होती. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या, आणि दोन्हींच्या पुढे मनात एकच शब्द लिहिला होता: शोक. तो शब्द किती उपयोगी होता. त्याच्याआड माझी अकरा नावांची ओळ सरळ राहत होती.

पलीकडून किसनराव खाकरला. "काय मुनशी, आज तरी माही सुटका करता का नाई? काटे लावले तुमच्यासाठी, अन् पंधरा दिसापासून बसून राहिलो मी. घरची बाई म्हन्ते, तिकडंच चूल मांडा."

"आणतो कागद," मी म्हणालो.

"अन् पावना आला तुमचा. अंजनगावचा. दमणी उभी हाय."

हे ऐकताच वहिनी उठली. आत जाऊन तिने गाठोडे आणले. ते तिने केव्हा बांधून ठेवले होते, कोण जाणे. बाबांनी तिच्या हातात शालूसाठी गुळाचा खडा दिला. ती ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिली. तिचे डोळे तांबूस होते. रडल्याने डोळे तांबूस होतात, असे मी स्वतःला सांगितले. पण ती त्या सकाळी रडलेली नव्हती.

"भाऊजी," ती म्हणाली, "एक इचारू?"

"इचार."

"मी गेली का पोरगी धावत येऊन अंगावर झेपच घेते. मानेले मिठी मारते, तोंडाले तोंड लावते. घेऊ ना मी तिले?"

मागच्या वेळी तिने विचारले तेव्हा मी वही उघडली होती. या वेळीही माझा हात वहीकडे गेला. उत्तर तिथे तयार होते: तिने गोचिडीला हात लावलेला नाही. एक होय म्हटले की काटे निघणार होते. आठ दगावल्यावर चोवीसमधल्या उरलेल्या सोळा माणसांना आपापल्या वावरात जाता येणार होते. माझा शोध साहेबांच्या टेबलावर जसाच्या तसा पोहोचणार होता, आणि मी तिला जे सांगितले होते ते खरे ठरणार होते. फक्त एक होय. माझ्या तोंडातून ते निघेना.

वहिनीने गाठोडे हळूच पायरीवर ठेवले.

"लिहा मंग," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. "भावाले म्हना, दमणी वापस ने. अन् पोरीले सांगू नोका काई."

"मुनशी, झाला का कागद?" किसनरावाने हाक मारली.

मी पायरीवर तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो आणि बोरू शाईत बुडवला. अकरा नावांखाली जागा होती. तिथे मी लिहिले: वच्छलाबाई, जानराव यांची पत्नी. गोचिडीला हात लावलेला नाही. परवापासून ताप आहे.