मागून म्हणायची सवय

टोचणी कादंबऱ्या लिहायची, आणि तिच्या भावोजींना त्यातली एक ओळही पचायची नाही. ‘टोचणी’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं, थट्टेत. पुढे थट्टा आटली, नाव तेवढं चिकटून राहिलं. भावोजी आता भाषेच्या चळवळीचे अध्यक्ष होते आणि निवडणुकीला उभे होते.

त्या संध्याकाळी चळवळीच्या सभेत टोचणी नव्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचणार होती. दुपारीच भावोजी ताईला घेऊन तिच्या खोलीत आले आणि एकुलत्या एका खुर्चीत असे बसले, जणू ती त्यांनीच घेऊन दिली होती. दिली नव्हती.

‘मेव्हणीबाई, ते बसचं वाचायचं नाही.’

‘मग काय, तुमचं भाषण वाचू?’

‘भाषेवर काहीतरी गोड वाचा. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.’

‘येईल की. बसचंच वाचते.’

बसचं प्रकरण असं होतं. चळवळीच्या पहिल्या मोर्चात एका बसवर दगड पडले, कारण बसची पाटी दुसऱ्या भाषेत होती. पाटी परकी, पण ड्रायव्हर आपला. उतारूंना आपल्याच भाषेत शिव्या घालणारा. एक दगड डोक्यात बसून तो जागीच गेला. तो दगड पोलिसांच्या बाजूने आला, असं चळवळीने जाहीर केलं. ड्रायव्हर हुतात्मा झाला, त्याचा फोटो कचेरीत लागला, आणि दर सभेत त्याच्या बायकोला पहिल्या रांगेत बसवून गुच्छ द्यायची पद्धत पडली.

टोचणी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायची. त्या दिवशी ती कचेरीच्या खिडकीत उभी होती आणि दगड खालून, कचेरीच्याच दारातून सुटताना तिने पाहिला होता. दारात भावोजी होते. तिने ते त्याच दिवशी कचेरीतल्या वरिष्ठांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पत्रकं दुसराच कुणी लिहू लागला. ड्रायव्हरच्या बायकोकडे जावं, तर तिच्या घराच्या दारात कायम कार्यकर्ते बसलेले. तिच्या कानांपर्यंत पोचायला आता हे एक वाचनच उरलं होतं.

‘ह्यांची निवडणूक तोंडावर आली,’ ताई म्हणाली, ‘आणि तुला आत्ताच ओकारी सुचली.’

‘ओकारी काय विचारून येते, ताई?’

‘माझा संसार मोडून तुझी कादंबरी खपणार असेल तर तुझ्या तोंडाला आग लागो.’

भावोजींनी टेबलावरचे टाइप केलेले कागद उचलले आणि सावकाश, मजेत फाडले.

‘पाठ आहे मला,’ टोचणी म्हणाली.

‘मग पाठ म्हणा. पहिल्या वाक्याला माइक बंद करतो. भिंतींना ऐकवा.’

‘मग तुम्ही मला बोलावलंतच कशाला?’

‘न बोलावून कसं चालेल? पोस्टरवर तुमचा फोटो आहे ना.’

सभागृह भरलं होतं. टोचणी उभी राहिली, पण टाळी कुणीच वाजवली नाही. ताईने मान वळवली. गुच्छ मांडीवर घेतलेली ड्रायव्हरची बायको तेवढी तिच्याकडे बघत होती.

‘बसची पाटी परकी होती,’ टोचणीने सुरुवात केली आणि माइक मेला.

इथेच भावोजी फसले. चळवळ गरीब होती तेव्हा तिच्याकडे माइक नव्हताच. बोलणारा एक वाक्य बोलायचा, थांबायचा, आणि पुढच्या रांगा तेच वाक्य ओरडून मागे पोचवायच्या. ही शिस्त भावोजींनीच कार्यकर्त्यांच्या हाडात मुरवली होती. टोचणीची पत्रकंही त्याच मापाची असत, एका दमात मावेल एवढं वाक्य. आवाज गेल्याबरोबर जुनी खोडं सवयीने सावरून बसली.

‘ड्रायव्हर आपला होता,’ ती म्हणाली आणि थांबली.

‘ड्रायव्हर आपला होता,’ रांगा गरजल्या.

‘पोलीस समोर होते.’

‘पोलीस समोर होते.’

‘दगड मागून आला.’

‘दगड मागून आला.’

‘आपल्या कचेरीच्या दारातून.’

अर्ध्या रांगा म्हणून मोकळ्या झाल्या, अर्ध्यांची तोंडं नुसतीच उघडी राहिली. मग एकच कालवा झाला. ‘विकली गेली,’ कुणीतरी म्हणालं. ‘खाली ओढा हिला.’ पाण्याची बाटली येऊन तिच्या खांद्यावर आदळली. टोचणी जागची हलली नाही.

ड्रायव्हरची बायको उठली. गुच्छ तिने खुर्चीवर ठेवला आणि ती भावोजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

‘दारात कोण होतं?’

‘वहिनी, तुम्ही बसा,’ भावोजी म्हणाले. ‘हिचं डोकं फिरलंय.’

‘दारात कोण होतं?’

मागच्यांना ऐकू आलं नव्हतं. तेव्हा पहिल्या रांगेतला एक म्हातारा कार्यकर्ता सवयीने मान मागे वळवून छाती भरून ओरडला, ‘दारात कोण होतं?’

मग दुसरी रांग. मग तिसरी.

भावोजी माइक चालू करायचं बटण शोधू लागले.