मेलबॉक्सपाशी उभा होतो

खोटं सांगत नाही, इथं अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये मी अकरा मिनिटं मेलो होतो. दोन वर्षांपूर्वी, ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ढकलताना हृदय थांबलं. शेजारच्या रवींद्रने छाती दाबून दाबून परत आणलं. त्यात दोन बरगड्या मोडल्या. मी सात सांगतो.

हृदय सुधारलं, मेंदू मात्र अजून अर्ध्या वाटेवर आहे. लायब्ररीतून घरचा रस्ता सापडत नाही, स्वयंपाकघरात कपाटांवर चिठ्ठ्या लावल्यात. थेरपिस्ट माझ्या बायकोला म्हणाली, आठवणींना भोकं पडली की मेंदू आपणच ठिगळं लावतो; यांचं बोलणं खोडून काढू नका.

झालं! चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीवर "थापा!" म्हणणारी आमची प्रतिमा तेव्हापासून नुसती मान डोलावते. नागपूरच्या क्वार्टरमध्ये आपण अस्वल पाळलं होतं म्हटलं, तरी "हो, होतं की." मग खरं कुठलं आणि ठिगळ कुठलं, हे मला कळायचं कसं? तिचं ते "थापा!" म्हणजे माझी भिंत होती. तिला हात लावत मी अंधारात चालायचो.

म्हणून एका रविवारी मुद्दाम अशी थाप रचली, की तिला तोंड उघडावंच लागेल.

"मेलो तेव्हा मी ड्राइव्हवेच्या टोकाला मेलबॉक्सपाशी उभा राहून सगळं बघत होतो," जेवताना मी म्हणालो.

"बाबा, प्लीज! जेवताना नको," आमची मुलगी नेत्रा म्हणाली.

"तुझी आई बाहेर आली. मला पडलेला बघून म्हणाली, 'पुरे झालं नाटक.' गालावर एक ठेवून दिली आणि गेली आत. चहा गाळायला!"

प्रतिमाच्या हातातला डाव तसाच राहिला. वरण टेबलावर ठिबकायला लागलं.

"आई?"

"मला वाटलं, नेहमीचं सोंग," प्रतिमा पातेल्याकडे बघत म्हणाली. "चहा गाळला. बिस्किटं काढली. मग खिडकीतून पाहिलं, तर हे अजून तसेच. मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

दोन वर्षं ती मान का डोलावत होती, ते मला तेव्हा कळलं.

"अगं, ते मी रचलंय! आज सकाळी, दाढी करताना. देवाशप्पथ!"

तिने दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"थापा," ती म्हणाली.

हवा होता तो शब्द मिळाला. टपाल मात्र आता नेत्राच आणते. मी मेलबॉक्सपाशी जात नाही. तिथं आधीच कुणी उभं असलं तर?