छोटीबाईंचं पिस्तूल

"वारसाचं नाव सांगा," अर्ज लिहिणाऱ्याने चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

नंदुरबारला कलेक्टर कचेरीच्या बाहेर निंबाच्या सावलीत त्याचं टेबल होतं. सावली टेबलापुरतीच होती, त्यामुळे छोटीबाई लुणावतांची खुर्ची उन्हात आली होती आणि त्यांचा मुलगा पारस मागे उभा राहून त्यांच्या डोक्यावर छत्री धरून होता. प्रश्न ऐकताच पारसने घसा साफ केला. खिशातलं आधार कार्डही त्याने काढून हातात धरलं होतं.

"लिखा," छोटीबाई म्हणाल्या, "सौ. जिनल पारस लुणावत."

छत्री एका अंगाला कलली. ऊन थेट बाईंच्या तोंडावर आलं, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"या कोण तुमच्या?"

"सून."

"आणि हे?"

"मुलगा."

अर्ज लिहिणाऱ्याने मुलाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. असल्या कुटुंबांवरच त्याचं पोट चालत होतं, तेव्हा नवल वाटून घेण्याची त्याला फुरसत नव्हती. "सुनेला देता येतं," तो म्हणाला. "तुमची सत्तरी झालीय, म्हणजे हयातीतच वारसाला देता येतं. पण मुलाची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र लागेल. यांची सही."

"देई ना तो," छोटीबाई म्हणाल्या.

पारसने छत्री मिटली. तळोद्यापर्यंतच्या वाटेत त्याने गाडीचा रेडिओही लावला नाही.

छोटीबाईंकडे पिस्तूल आहे हे तळोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खरं म्हणजे ते रिव्हॉल्वर, पण बाजारपेठेत त्याला पिस्तूलच म्हणत. ते मूळचं त्यांच्या यजमानांचं, सुभाषचंदांचं. धडगावच्या आठवडे बाजारातून आमचूर, चारोळी, डिंक खरेदी करायचा हा त्यांचा धंदा. रोकड घेऊन घाट चढायचा आणि माल घेऊन उतरायचा, म्हणून परवाना काढलेला. सुभाषचंद छातीत कळ येऊन गेले तेव्हा पारस शाळेत होता. दीर म्हणाले, दुकान चालवा, पण डोंगरातला बाजार सोडा आणि ते पिस्तूल जमा करून टाका. छोटीबाईंनी तेराव्यानंतर परवान्याचा अर्ज आपल्या नावाने केला आणि पुढच्या बाजाराला जामसिंगच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

तेव्हापासून सव्वीस-सत्तावीस वर्षं त्या घाट चढल्या-उतरल्या. पाय दुखले तेव्हा चढल्या, पूल वाहून गेला तेव्हा नदीतून चालत गेल्या. पिस्तूल एका कापडी पिशवीत मांडीवर असे. जामसिंग कधी चिडवायचा, "बाई, हाई कव्हय काढशी का नही?" तर त्या म्हणायच्या, "तू गाडी नीट चालाड, म्हंजे काढानं काम नही पडाव." काम पडलंही नाही. निवडणूक लागली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागत. त्या ते नेऊन देताना ठाणे अंमलदाराला सांगत, "माहेरले धाडी ऱ्हायनू. नीट जपजा."

आता घरात मुंगी चिरडली तर हळहळणारी माणसं. सूर्य बुडायच्या आत जेवण, पाणी गाळून प्यायचं, आणि त्याच घरात हे लोखंड. छोटीबाईंना त्यात काही अडचण वाटत नसे. देव्हाऱ्यापासून लांब, कोठीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ते पडून असे. कपाटाची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला. त्या खिळ्याचं काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळपर्यंत.

त्या संध्याकाळी नवलसिंग नावाच्या पिकअपवाल्याने गाडी मागे घेताना दुकानाची नवीकोरी पाटी तोडली. पारस शिव्या देत खाली उतरला. नवलसिंगने भर बाजारात त्याची कॉलर धरली. पन्नास-पंचाहत्तर माणसं बघत उभी राहिली. पारस कॉलर सोडवून दुकानावरच्या घरात आला, तो रागाने पांढराफटक पडला होता. स्वयंपाकघराच्या दारामागे त्याने हात घातला, तर खिळा मोकळा.

"किल्ली कोठे शे?"

जिनल परातीत कणीक मळत होती. "मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि मळत राहिली.

पारसने फडताळं उघडली, डबे पाडले, कोठीतलं कपाट दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. शेवटी तो पोत्यावर बसला. श्वास खाली बसायला वेळ लागला, तोवर नवलसिंग निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच दुकानात आला, पाटीचं काम मी करून देतो म्हणाला आणि पारसबरोबर चहा पिऊन गेला.

छोटीबाई त्या संध्याकाळी ओट्याजवळ माळ घेऊन बसल्या होत्या. पारस दुकानातून ओरडत आला तेव्हाच जिनलने खिळ्यावरची किल्ली काढून कणकेच्या गोळ्यात दाबली होती. हे त्यांनी पाहिलं होतं. नंतर किल्ली पुसून जिनलने परत खिळ्याला लावली. सासूसुनेत त्यावर एक शब्द झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी छोटीबाईंनी ती किल्ली काढून आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली, ती आजपर्यंत तिथेच होती. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी घाट चढायला नकार दिला, तेव्हा बाजाराला जिनल जाऊ लागली. जामसिंग तोच, जीप तेवढी नवी.

अर्जाची बातमी छोटीबाईंच्या आधी तळोद्यात पोचली. पेढीवर बसलेल्या पारसला समोरचा कापडवाला म्हणाला, "पारसशेठ, आते घरमा जपीसन बोलज्या." पारस हसला, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

जिनललाही हे सोपं नव्हतं. "मम्मीजी, माझ्याच्याने कोणाला मारणं होणार नाही," तिने सरळ सांगितलं.

"मन्हाघाई भी कधी व्हयनं नही," छोटीबाई म्हणाल्या. "म्हनीसनच तुले देस."

नियमाप्रमाणे शस्त्र हाताळायचं शिकून प्रमाणपत्र आणायचं होतं. त्यासाठी जिनल धुळ्याला जाऊन आली. परत आली तेव्हा मनगट सुजलं होतं. नेम कसा लागला, असं छोटीबाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, नेमाचं राहू द्या, पण गोळ्या काढून ठेवायला आणि कुलपात बंद करायला मी पहिली आले. छोटीबाई त्यावर बराच वेळ खूश होत्या.

मग चौकशीला फौजदार घरी आले. तरुण होते, चहाला नको म्हणाले आणि नंतर दोन कप प्यायले. कपाट पाहिलं, कुलूप पाहिलं, जिनलला विचारलं, "तुम्हाला कशासाठी पाहिजे?"

"बाजाराला मी जाते," जिनल म्हणाली. "रोकड माझ्याजवळ असते."

"आणि घरात असताना?"

"घरात कुलपात."

फौजदार पारसकडे वळले. "तुमची हरकत नाही ना? प्रतिज्ञापत्र अजून जोडलेलं नाही."

पारसने खिडकीबाहेर पाहिलं. "देतो," तो म्हणाला. "एक-दोन दिवसांत."

एक-दोन दिवसांचे दहा-पंधरा झाले. सहीवाचून अर्ज पुढे सरकणार नव्हता. छोटीबाईंनी वाट पाहिली. वाट पाहणं हा त्यांचा स्वभाव नव्हे, म्हणून एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्या स्वतः जिना उतरून दुकानात आल्या. पारसने उठून गादी दिली. त्या गादीवर बसल्या आणि तो समोरच्या स्टुलावर, गिऱ्हाइकासारखा.

"बोल," त्या म्हणाल्या.

पारसने तराजूचं पारडं बोटाने दाबलं, सोडलं. "बाई, मी तुन्हा एकुलता एक. बठा गाव हासी ऱ्हायना. मन्हावर भरोसा नही का तुन्हा?"

दुसरी आई असती तर म्हणाली असती, तसं नाही रे, जिनल बाजाराला जाते म्हणून. छोटीबाईंच्या ओठांवरही तेच आलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं, आणि अर्धवट मापाने त्यांनी कधी आमचूरसुद्धा विकलं नव्हतं.

"नही," त्या म्हणाल्या.

पारडं थांबलं.

"हाई दुकान तुले दिधं. तिजोरी दिधी. मन्हं म्हतारपन तुन्हा गळामा टाकं. तठे भरोसा शे, डोया झाकीसन शे. हाई एक वस्तूना बारामा नही."

"नवलसिंगनं धरीसन बसनी तू? दोन वरीस व्हयनात. मी काय त्याले मारतू का?"

"माले ठाऊक नही," छोटीबाई म्हणाल्या. "तुले तरी ठाऊक शे का?"

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. पारसचं तोंड पडलं होतं. लहानपणी मार खाल्ल्यावर पडायचं तसंच. या पोराला त्यांनी एकटीने वाढवला होता. त्यांच्या तापात तो रात्र रात्र उशाशी बसलेला होता. त्याच्यापेक्षा जवळचं त्यांना या जगात कोणी नव्हतं. तरी त्या शब्द मागे घेणार नव्हत्या.

"माले तू पाहिजे," त्या म्हणाल्या, "जेलमा नही, घरमा पाहिजे. आते तुले जे करनं ते कर." आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या, जिना चढून वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी पारसने दुकान उशिरा उघडलं. नंदुरबारला जाऊन तो प्रतिज्ञापत्रावर सही करून आला होता. त्याने हे घरात कोणाला सांगितलं नाही, अर्ज लिहिणाऱ्याच्या फोनवरून कळलं.

हुकूम आला तो दिवस मंगळवार, बाजारचा नव्हे. छोटीबाईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं. पोलीस ठाण्यात नंबर ताडून पाहिला गेला, छोटीबाईंच्या परवान्यावर शेवटची नोंद पडली, जिनलच्या नव्या परवान्यावर पहिली. अंमलदाराने रिव्हॉल्वर टेबलावरून पुढे सरकवलं. सवयीने छोटीबाईंनीच हात पुढे केला.

"बाई," अंमलदार हळूच म्हणाला, "आता तुम्हाला नाही हात लावता येणार."

"हा ना," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच वळवून पदर सारखा केला.

पिशवी मात्र त्यांनी आपलीच दिली, ती द्यायला परवाना लागत नव्हता. परत येताना जीपमध्ये पुढच्या सीटवर जिनल बसली, छोटीबाई मागे. जामसिंगने आरशातून पाहत विचारलं, "हलकं वाटी ऱ्हायनं का, बाई?"

"मांडीले थंडी वाजी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. वैशाखाचं ऊन होतं. जामसिंग हसला आणि मग हसायचा थांबला.

घरी आल्यावर छोटीबाईंनी कमरेचा जुडगा काढून दिला. जिनलने कपाट उघडलं, पिशवी आत ठेवली, कुलूप लावलं. छोटीबाईंनी जुडगा परत घेतला, नखाने कडी फाकवून ती एक किल्ली सोडवली आणि सुनेच्या हातावर ठेवली. काम संपलं. जसं ठरवलं तसं झालं. त्यांचं बहुतेक सगळं ठरवल्यासारखं झालेलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

दिवस कलायला आला तशी जिनल कणीक मळायला बसली. छोटीबाई माळ घेऊन ओट्याजवळ बसल्या. पारस आज लवकर वर आला. स्वयंपाकघराच्या दारात जरा वेळ उभा राहिला, मग आत येऊन परातीपाशी उकिडवा बसला. शर्टाच्या आतल्या खिशातून त्याने काही काढलं आणि परातीच्या काठावर ठेवलं.

किल्ली होती. तशीच, पण नव्या पितळेची, कुठेही न झिजलेली.

जिनलचे हात थांबले. छोटीबाईंच्या माळेतला मणी बोटांतच राहिला.

"त्या संध्याकायनं दुसऱ्या दिन सकायले बनाडेल," पारस म्हणाला. तो परातीकडेच पाहत होता. "खिळावरथीन किल्ली लिधी, तं तिना दातामा कणीक वाळेल व्हती. तव्हयच समजनं माले, कोठे व्हती ती." थोडं थांबून म्हणाला, "कव्हय वापरी नही, बाई. पन व्हती मन्हापाशी."

दोन वर्षं. दोन वर्षं छोटीबाई कमरेच्या किल्लीवर हात ठेवून निर्धास्त झोपल्या होत्या, आणि दुसरी किल्ली त्याच छपराखाली, मुलाच्या छातीशी होती. त्यांना काहीच कळलं नव्हतं. आणि त्यानेही, दोन वर्षं रोज, ती वापरली नव्हती.

त्यांना खूप काही म्हणावंसं वाटलं. बाहेर ऊन भिंतीवरून उतरत होतं.

"जिनल, हात चालाड," त्या म्हणाल्या. "दिन बुडी ऱ्हायना, तो भुक्या शे."

जिनलने नवी किल्ली उचलून पदराच्या गाठीत पहिलीशेजारी बांधली आणि पुन्हा कणकेला लागली. छोटीबाईंनी माळ गुंडाळून डबीत ठेवली. मग कोपऱ्यातला पाट ओढला, आपल्या पाटाला लावून मांडला, आणि पारस येऊन बसेपर्यंत त्यावर हात ठेवून राहिल्या.