भात्यात राहिलेला जड बाण

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे आणि जड आहे. जडपणाचं आधीच सांगून टाकतो, कारण माझं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीभोवती फिरलं. माझी पिसं आता कसरीनं खाल्ली आहेत. पात्यावर गंजाचे ठिपके आलेत. तंबूच्या जाळीदार भिंतीला, पाळणा असायचा त्या जागेच्या वर, मला अडकवून ठेवलंय. खालून चुलीचा धूर येतो, मला लागून वर जातो. मी पाहत असतो.

माझा जन्म तिएनशानच्या डोंगरात, ओढ्याकाठच्या एका झुडपात झाला. ताबिल्गी म्हणतात त्याला. त्याचं लाकूड लालसर, घट्ट, सुरीला सहज न बधणारं. म्हाताऱ्या एशिमनं, म्हणजे तेव्हा तो म्हातारा नव्हता, पानगळ झाल्यावर मला कापलं. कापण्याआधी त्यानं अल्लाचं नाव घेतलं आणि झुडपावरून एकदा हात फिरवला, जणू निरोप घेतोय. मग थंडीभर मी धुरात वाळलो. उन्हाळ्यात त्यानं ऊब देऊन मला सरळ केलं, गिधाडाची पिसं तातीनं बांधली, आणि लोहाराकडून आणलेलं रुंद पातं माझ्या तोंडाशी बसवलं.

शेवटी त्यानं मला एका तळव्यावर ठेवलं आणि दुसऱ्या तळव्यावर बोरूच्या पोकळ काडीचे दोन बाण. डोळे मिटून हात वरखाली केले. मी होतो तोच हात खाली गेला.

"दोघांना पुरून उरतोस की रे," तो म्हणाला. मला फार बरं वाटलं.

बोरूचा बाण हलका. पापणी लवायच्या आत सुटतो, सरळ रेघेत जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी लागतो. मार्मोट, तितर असल्या लहान जिवाला तोच बरा. माझं तसं नाही. मी सावकाश निघतो, वाटेत खाली झुकतो. मला सोडायचं तर माणसाला जवळ जावं लागतं, पोटावर सरपटत, वारा बघत, श्वास धरून. पण मी लागलो की थांबत नाही. रानबोकडाच्या बरगड्यांतून आत जातो, आणि तो चार पावलं चालून बसतो, दमून बसल्यासारखा. आणखी एक. हलका बाण सुटला की धनुष्य ओरडतं, जनावर दचकून अंग चोरतं. मी सुटलो की धनुष्य नुसतं हुंकारतं.

एशिमचा नेम ठरलेला होता. पहाटेची नमाज, मग डोंगर. जवळ जाता आलं नाही तर बाण न सोडता परत. आणि एक गोष्ट तो कधी मोडत नसे. जनावर जखमी होऊन पळालं, तर ते सापडेपर्यंत दुसऱ्यावर बाण टाकायचा नाही. तिकडचे सगळेच शिकारी हे पाळतात. रानातल्या जनावरांची राखण कायबेरेन करते, ती सगळं बघते. एक रक्त मागे टाकून दुसरं सांडलं, तर त्या शिकाऱ्याच्या घरातलं मूल जातं असं ते मानतात. एशिमच्या हातून मात्र ही वेळ कधी आलीच नाही, कारण तो मला घेऊन जवळ जात असे. त्याच्या मुलाच्या, ओरोझच्या, लग्नातलं मांस मीच आणलं होतं. नवी सून झूरा हिनं पहिल्या दिवशी मला लोणी माखून भिंतीला लावलं.

पुढे एशिमची दृष्टी गेली. धनुष्य ओरोझकडे आलं.

ओरोझला हलके बाण आवडत. एका मोठ्या जेवणावळीच्या दिवशी माळावर उंच खांब उभा केला होता आणि त्यावर दोरीनं चांदीचा तुकडा टांगला होता. ओरोझनं दौडत्या घोड्यावरून बोरूचा बाण सोडला आणि दोरीच तोडली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. शेजारचा कालिक ओरडला, "एशिमदादा, तुमचा तो ओंडका आता चुलीत घाला! चहा तरी उकळेल!"

सगळे हसले. ओरोझही हसला.

"चांदी पळून जात नाही रे कालिक," एशिम हळूच म्हणाला. "टांगलेली असते. तिला नुसतं लागलं तरी भागतं."

पण तेवढ्यात घोडे सुटले होते. कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर माझ्यावर ओले पायमोजे वाळत पडू लागले. कधी मी धुराच्या झरोक्याचा नमदा वर ढकलायची काठी झालो. मी तक्रार केली नाही. घरातलं काम घरातलंच असतं.

मग ती थंडी आली. आधी पाऊस, मग एका रात्रीत कडाका. गवतावर काचेसारखा बर्फाचा थर बसला. मेंढ्या खुरांनी उकरत राहिल्या, खुरं रक्ताळली, आणि उभ्या उभ्या गारठून मेल्या. अशात झूरा बाळंत झाली. मुलगी. घरात भाजलेल्या सातूच्या पिठाची एक थैली उरली होती आणि दह्याचे वाळलेले थोडे गोळे. झूराचं दूध आटत चाललं. बाळ रडायचं, मग रडणंही बारीक होत गेलं.

एशिम आपली वाटी झूराकडे सरकवू लागला.

"बाबा, तुम्ही?"

"मला रोजा आहे."

"रमजान तर केव्हाच झाला, बाबा."

"राहिलेले फेडतोय, पोरी. तरुणपणी बरेच बुडवलेत."

मित्रांनो, मी त्याच्या घरात किती वर्षं होतो. त्यानं एकही रोजा बुडवलेला मला आठवत नाही.

वरच्या कड्याखाली रानबोकडांचा कळप उतरल्याची खबर आली, तेव्हा एशिमनं चाचपडत मला भिंतीवरून काढलं. बोटभर चरबी उरली होती, ती माझ्या दांडीला चोळली आणि मला भात्यात घातलं.

"ह्याला वापर, लेका. जवळ जा."

"बर्फ कुरकुरतंय, बाबा. जवळ जाईपर्यंत कळप पल्याडच्या डोंगरावर. मग काय, रिकामा येऊ?"

"रिकामा आलास तर उद्या परत जाशील."

"उद्याचं कोण सांगतंय? तिचं दूध संपलंय!"

ओरोझचं अगदीच चुकत नव्हतं. बर्फ खरंच कुरकुरत होतं. मी भात्यात एका कडेला होतो, बाकी बोरूचे.

दुपारी कळप दिसला, घळीच्या पलीकडे. मधे, कळपाला वास जाणार नाही अशा बाजूनं, एक आडोसा होता, खडकाखडकानं जाणारा. वेळ लागला असता. एशिम त्या वाटेनं गेला असता. ओरोझनं आडोशाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. ढग खाली आले होते. त्यानं हात मागे नेला. त्याची बोटं माझ्यावरून गेली आणि बोरूवर थांबली.

धनुष्य ओरडलं. मोठ्या शिंगांचा बोकड दचकून खाली दबला. बाण लागला, पण खांद्यात. बोकड तीन पायांवर कड्यावर चढला आणि दिसेनासा झाला.

ओरोझ धावला. बर्फावर लाल ठिपके होते, मग लांब लांब होत गेले. मग बर्फ पडायला लागलं आणि थोड्या वेळात सगळं पांढरं झालं. तो गुडघ्यांवर बसून हातांनी वरचं बर्फ बाजूला करत राहिला. खाली काही नव्हतं. एका मोठ्या धोंड्यापर्यंत गेला आणि तिथून वळला.

परतताना, कपारीच्या आडोशाला, एक तरुण बोकड उभा होता. वादळापासून लपलेला. इतका जवळ की त्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती.

ओरोझनं मला बाहेर काढलं, दोरीला लावलं आणि ओढलं. मित्रांनो, माझा सगळा जन्म त्या क्षणासाठी होता. पीठ संपलेलं घर मला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार. पण त्याच्या पाठीमागे, वर कुठेतरी, एक जनावर रक्त गाळत पडलं होतं, आणि घरात एक मूल होतं. ओठ हलत होते. मग त्यानं दोरी हळूहळू सैल सोडली. बोकडानं त्याच्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

घरी आल्यावर तो दारातच उभा राहिला. झूरानं त्याच्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं आणि बाळाला जवळ ओढलं.

"बाण दे," अंथरुणातून एशिम म्हणाला.

ओरोझनं मला त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला, पिसं चाचपली, मला नाकाशी नेलं. मी कोरडा होतो. अंगावर सकाळच्या चरबीचाच वास होता.

"लांबून मारलास."

"होय, बाबा."

"सापडला?"

"नाही. बर्फ आलं." ओरोझ त्याच्या उशाशी बसला. "येताना दुसरा होता, बाबा. अगदी पुढ्यात. हा दोरीवर होता."

"सोडलास?"

"नाही."

एशिमनं मला छातीवर आडवं ठेवलं. "बरं केलंस," तो म्हणाला. "जा, आग कर. पोर गारठलीय."

त्यानंतर एशिमनं वाटी तोंडाला लावली नाही. रोजे फेडत फेडतच तो गेला. दफनाला कालिक आला. मला ओंडका म्हणणारा तोच. त्यानं आपली लंगडी घोडी कापली होती आणि तिचं मांस खांद्यावर घेऊन आला होता. "खा गं पोरी," एवढंच झूराला म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला. बाळ जगलं. पण ते मांस आठवडाभर आधी घरात आलं असतं, तर म्हाताऱ्यालाही मिळालं असतं.

बर्फ वितळल्यावर ओरोझ मला घेऊन वर गेला. मोठ्या शिंगांचा बोकड त्या धोंड्याच्याच मागे होता, जिथून तो वळला होता. बोरूचा बाण चार बोटंच आत गेला होता. भोवतालची माती खुरांनी उकरलेली होती. बोकड लगेच मेला नव्हता. ओरोझ त्याच्यापाशी बसून राहिला. मग शिंगं काढून त्यानं एशिमच्या कबरीवर ठेवली.

हलके बाण त्यानं मोडले नाहीत. मार्मोटसाठी ते आजही आहेत. पण मोठ्या जनावराला तो मला नेऊ लागला, आणि जवळ जाता आलं नाही की परत येऊ लागला. आता त्याचेही गुडघे दुखतात. परवा त्याच्या मुलीनं मला भिंतीवरून काढून हातावर तोललं.

"बाबा, हा एवढा जड का?"

ओरोझ म्हणाला, "त्याच्यामुळं जवळ जावंच लागतं, म्हणून."

तिनं मला परत अडकवलं. चरबी लावायचं राहिलं.

मित्रांनो, घरोघरी भिंतीला असं काहीतरी जड टांगलेलं असतं. त्याला हसू नका. अधूनमधून पुसा, तेल-चरबी लावा. आणि एखाद्याचा जीव घ्यायचीच वेळ आली, तर त्याच्या इतक्या जवळ जा की त्याचे डोळे दिसतील. ते जमत नसेल तर घरी परत या. मला वेगाची हौस कधीच नव्हती, आणि आता दूर जायचीही नाही. म्हाताऱ्याच्या छातीवर मी त्या दिवशी कोरडा पडलो होतो, तेवढंच काय ते अजून जड वाटतं.